बंधारा, चाळ आणि खांब : वरळीच्या किनाऱ्यावरून पाहिलेला मुंबईचा कारभार

'सुशासन' हा शब्द अलीकडे सभासंमेलनांतून फार ऐकू येतो. आमच्या लहानपणी चाळीत हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. 'कारभार चोख आहे' किंवा 'कारभार आंधळा आहे' एवढ्या दोन वाक्यांत माणसे आपला निकाल सांगून मोकळी होत. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण तर नळावर पाणी न आले त्या प्रत्येक सकाळी कानी पडे. शब्द साधे होते. पण त्यांत राज्यशास्त्राचा सगळा अर्थ भरलेला होता. कारभार चोख कोणता? ज्याचा जाब विचारता येतो तो. आंधळा कोणता? ज्यात दळणाऱ्याला पीठ कोणी नेले हे कळत नाही, आणि कळले तरी बोलायला जागा नाही तो.

न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. गावचा कारभार हा गावच्या माणसाने ऐकण्याचा, समजून घेण्याचा आणि त्यावर बोलण्याचा विषय आहे, ही दृष्टी त्या पिढीने दिली. त्याच परंपरेला धरून आम्ही येथे एका लहानशा जागेचा इतिहास मांडणार आहोत. ती जागा म्हणजे वरळी कोळीवाडा. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. कामगार संघटनेच्या कामात कायद्याची पुस्तके गरजेपोटी वाचावी लागली, आणि कायदा वाचता वाचता तो कसा जन्मला हे वाचण्याची गोडी लागली, इतकेच आमचे भांडवल. तथापि संघटनेच्या कामाने एक सवय लावली आहे. कोणताही निर्णय समोर आला की आम्ही प्रथम विचारतो : हा ठरवला कोणी, कोणाच्या पैशाने, कोणाला विचारून, आणि चुकला तर भरून कोण देणार? हेच चार प्रश्न वरळीच्या किनाऱ्यावर उभे राहून अडीचशे वर्षांच्या मुंबईला विचारून पाहावेत, असा आमचा हेतू आहे.

वरळी हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. त्याच्या उत्तरेच्या टोकाला, समुद्रात शिरलेल्या जिभेसारख्या जमिनीवर कोळीवाडा वसला आहे. टोकावर इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेला किल्ला आहे, जवळच गोल्फादेवीचे देऊळ आहे, एका अंगाला माहीमचा उपसागर आणि दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. मुंबई शहर वाढत वाढत या वस्तीपर्यंत आले. ही वस्ती शहरात आलेली नाही. कोळी हे येथले मूळचे रहिवासी. शहराच्या कागदोपत्री मात्र ते नेहमी 'बाधित' म्हणून येतात. यजमानाला पाहुण्याच्या यादीत शेवटचे नाव मिळावे, तसा हा प्रकार आहे.

पहिला निर्णय बंधाऱ्याचा. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधली खिंड अठराव्या शतकापर्यंत उघडी होती. भरतीचे पाणी तेथून आत शिरे आणि बेटांच्या मधला सखल भाग भरून टाकी. 'पायधुणी' या नावाचा उगमही याच पाण्यात सांगतात. तेथे पाय धुऊन लोक पुढे जात. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास, ही खिंड बंधारा घालून पुरी बुजवली गेली. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी की, लंडनच्या संचालकांनी या खर्चाला नकार दिला होता, हॉर्नबीने तरीही काम चालू ठेवले, आणि त्याला पदावरून दूर करणारे पत्र काम संपल्यावर हाती पडले. दुसरी कथा आपल्या माणसांची आहे : बांधलेला बांध वारंवार ढासळे, मग रामजी शिवजी या पाठारे प्रभू स्थापत्यकाराला स्वप्नात दृष्टांत झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती वर काढल्या, आणि मग बांध टिकला.

या दोन्ही कथांतील खरेखोटेपणा इतिहासकारांनी तोलावा. आम्हाला त्यांतून दिसते ते वेगळेच आहे. पहिल्या कथेत गव्हर्नर जबाबदार आहे, पण तो सहा महिन्यांच्या सागरी प्रवासापलीकडे बसलेल्या व्यापाऱ्यांना. दुसऱ्या कथेत स्थापत्यकार जबाबदार आहे, पण तो देवीला. दोन्ही कथांत होडी घेऊन त्या पाण्यावर वावरणारा माणूस कोठेच नाही. बंधाऱ्याने मुंबईचे कल्याण केले, हे निर्विवाद. त्या बुजलेल्या भूमीवर पुढे गिरण्या, चाळी, रस्ते उभे राहिले. आमच्यासारख्यांच्या वाडवडिलांना भाकरी तेथेच मिळाली. परंतु निर्णय हिताचा असणे आणि निर्णय जबाबदारीने घेतलेला असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या राज्यात विचारण्याची वाटच नव्हती. म्हणून बंधारा चांगला निघाला हे शहराचे दैव. तो कारभाराचा गुण नव्हे.

दुसरा टप्पा नगरपालिकेच्या जन्माचा. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार सरकारने नेमलेल्या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला. वर देखरेखीला जस्टिस ऑफ द पीस म्हणून नेमलेली प्रतिष्ठित मंडळी. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस धडाडीचा. त्याने रस्ते काढले, गटारे सुधारली, घाण हलवली. त्याच्या नावाचे मार्केट पुढे दीड शतक मुंबईच्या तोंडी राहिले, आणि आज त्याला महात्मा फुले यांचे नाव आहे. पण खर्च मंजुरीच्या पुढे पळू लागला. कर भरणारे खवळले, आणि १८७१ साली सभांवर सभा झाल्या.

त्या गदारोळात एक तरुण बॅरिस्टर उभा राहिला. फिरोजशहा मेहता त्यांचे नाव, वय सव्वीस. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात त्यांनी निबंध वाचला, आणि श्रोत्यांना तो मुळीच रुचला नाही. कारण सगळे क्रॉफर्डला झोडपत असताना मेहतांचे सांगणे असे की, दोष एका माणसाचा नाही, घडणीचा आहे. कारभार एका सबळ अधिकाऱ्याच्या हाती असणे वाईट नव्हे. समितीने रस्ता झाडता येत नाही. वाईट हे की, त्या अधिकाऱ्याला जाब विचारणारी सभा लोकांनी निवडलेली नाही. उपाय म्हणजे निवडणूक.

आम्हा संघटनेच्या माणसांना साहेबाचा अधिकार कमी करा हे म्हणणे लवकर पटते. म्हणून मेहतांचा हा विचार प्रथम वाचला तेव्हा तो घशाखाली उतरायला वेळ लागला. पण विचार केला की त्यातील मर्म ध्यानात येते. दुबळ्या अधिकाऱ्याला जाब विचारून काय उपयोग? तो दहा टेबलांकडे बोट दाखवतो. ज्याच्या हाती निश्चित अधिकार आहे त्यालाच निश्चित जाब विचारता येतो. मात्र विचारणारा त्याच्या मेहेरबानीवर जगणारा नसावा.

१८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची सभा आली; त्यांतले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे. पुढे १८८८ चा कायदा झाला. तो घडवण्यात मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. सभासद ७२, त्यांपैकी ३६ करदात्यांचे, १६ जस्टिसांचे, १६ सरकारचे, आणि दोन-दोन विद्यापीठाचे व व्यापारी मंडळाचे. महापालिका सभा, स्थायी समिती आणि आयुक्त अशा तीन खुर्च्या कायद्याने मांडल्या. एक धोरण ठरवील, दुसरी पैशाची गाठ सोडील, तिसरी काम करील. दुरुस्त्या होत होत तोच कायदा आजही मुंबईवर लागू आहे.

योगायोग पाहा. ज्या १८८८ साली हा कायदा झाला त्याच साली क्रॉफर्ड पुन्हा गाजला. तो तेव्हा पुण्यास महसुली कमिशनर होता आणि मामलतदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला. चौकशी आयोगाने लाचखोरीच्या आरोपातून त्याला सोडले. हाताखालच्या प्रदेशात कर्ज काढल्याबद्दल मात्र नोकरी गेली. उलट अभय मिळेल म्हणून ज्या मामलतदारांनी खरे सांगितले त्यांच्यावरच बालंट आले, आणि टिळकांना त्यांची बाजू घेऊन झगडावे लागले. कारभाराच्या इतिहासात हा अनुभव नवा नाही : वरचा सुटतो आणि तोंड उघडणारा अडकतो. म्हणूनच जाब विचारण्याची व्यवस्था माणसांच्या भलेपणावर सोडून चालत नाही. ती नियमात बांधावी लागते.

पण या सभेत बोलणार कोण? ठरावीक कर भरणारा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवली. परंतु ज्या कामगारांसाठी ते झगडत होते त्यांना पालिकेत मत नव्हते. पुण्याच्या नगरपालिकेत १८७६ ते १८८२ पर्यंत जोतीराव फुले सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी पालिकेने पैसा उधळावा, या ठरावाला त्यांनी एकट्यांनी विरोध केला. एक मत पडले आणि ठराव संमत झाला, हे खरे. पण दप्तरात तो विरोध नोंदला गेला म्हणून आज आपण त्याविषयी बोलू शकतो. सभेत बसलेला एकटा माणूस निर्णय थांबवू शकत नाही, पण निर्णय मुकाट्याने होऊ देत नाही. लोकप्रतिनिधित्वाचे पहिले मोल हेच.

मुंबईत १९२२ साली महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्याला मत मिळाले. गिरणी कामगाराची खोली बहुधा त्याहून स्वस्त. म्हणजे ज्याची खोली कोंदट त्याला आरोग्याविषयी मत नाही, असा न्याय झाला. सर्व प्रौढांना मत मिळून पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. त्यानंतर दहा वर्षांतच, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, गिरणी कामगारांचे पुढारी शां. स. मिरजकर १९५८ साली मुंबईचे महापौर झाले. कमिशनरच्या कारभारापासून कामगार महापौरापर्यंत यायला या शहराला ९३ वर्षे लागली. हक्क हळू चालतो, हे तरुणांनी विसरू नये. आणि चालत आला तो कोणीतरी चालवल्यामुळे, हेही विसरू नये.

तिसरा निर्णय चाळींचा. १८९६ साली प्लेग आला. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. सरकारने धडा घेतला तो असा की, शहर सुधारण्याचे काम निवडलेल्या सभेच्या हाती देण्यापेक्षा वेगळे मंडळ करावे. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड याने आणखी एक पाऊल टाकले आणि थेट सरकारी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उघडले. तेच आपल्या परिचयाचे बी. डी. डी. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया जकात बसवून त्यासाठी पैसा उभा केला. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. उभ्या राहिल्या सुमारे साडेसोळा हजार, २०७ चाळींत. त्यांतील १२१ चाळी एकट्या वरळीत. प्रत्येक चाळीला तीन मजले, खोल्या ऐंशी, आणि खोली १६० चौरस फुटांची.

हा निर्णय वाईट हेतूने झाला असे आम्ही म्हणणार नाही. काँक्रीटच्या भिंती टिकल्या, लाखो माणसे त्यांत वाढली, जांबोरी मैदानावर सभा झाल्या. परंतु बांधताना ज्याला राहायचे त्याला विचारले नाही. वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला, भाडे कामगाराच्या मिळकतीला जड. परिणाम असा झाला की, घरांचा दुष्काळ असलेल्या शहरात बांधलेल्या खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या. १९३० च्या कायदेभंगात सरकारला त्यांचा एक उपयोग सापडला : वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही कोंडले गेले! न विचारता केलेल्या उपकाराचे याहून बोलके चित्र आम्हाला ठाऊक नाही.

याच खात्याची दुसरी योजना म्हणजे बॅक बेचा समुद्र बुजवणे. खर्च फुगला, बुजवलेला गाळ वाहून जाऊ लागला. हे खाते निवडलेल्या पालिकेच्या तंत्राखाली नव्हतेच. तरीही वीर नरीमन यांनी उघड आरोप केले, १९२६ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि खात्याचा अभियंता हार्वे याने नरीमन यांच्यावर घातलेल्या बदनामीच्या खटल्यात ते निर्दोष सुटले. खाते मिटले. ट्रस्टही १९३३ साली पालिकेत विलीन झाला. सभेला वळसा घालून केलेला कारभार शेवटी हिशेब द्यायला सभेच्याच दारी आला, असे या इतिहासाचे सार आहे. चाळींचा हिशेब तर अजून चालू आहे. पुनर्विकासात वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये.

आता चौथा निर्णय, आपल्या डोळ्यांदेखत झालेला. मरीन ड्राइव्हकडून वरळीच्या सागरी सेतूपर्यंत सागरी किनारा मार्गाचे काम ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. लांबी सुमारे साडेदहा किलोमीटर, खर्च बारा हजार कोटींच्या वर, आणि करणारी आपली महापालिका. समुद्रात भराव पडू लागला, तेव्हा वरळी कोळीवाड्याच्या नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटीने आणि इतरांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. खडकाळ किनाऱ्यावरची कालवे, चिंबोरी, शेवंड हा लहान होडीवाल्याचा रोजचा घास. त्यावर भराव पडतो आहे, हे त्यांचे गाऱ्हाणे. १६ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालयाने या मार्गाची किनारा नियमन मंजुरी रद्द केली. १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुढे चालू झाले.

मग प्रश्न उरला खांबांचा. सागरी सेतूला जोडणारा पूल क्लीव्हलंड बंदराच्या तोंडावरून जातो. त्याच्या खांबांत ६० मीटर अंतर ठेवण्याचे ठरले होते. कागदावर साठ मीटर म्हणजे बरीच मोकळी जागा. कोणाही शहाण्याला ती पुरेशी वाटेल, आणि तज्ज्ञांनी तसा अभिप्रायही दिला होता. पण कागदावर वारा नसतो. होडी रुळावरच्या गाडीसारखी सरळ जात नाही. उधाणाच्या वेळी लाट एका बाजूने ढकलते, ओढ दुसऱ्या बाजूने खेचते. त्यातच एक होडी बाहेर निघालेली, दुसरी जाळ्यांच्या ओझ्याने परतलेली, आणि अशा वेळी इंजिन बंद पडले तर? हे ज्ञान विद्यालयात मिळत नाही. ते तांडेलाच्या मनगटात असते. नाखव्यांनी अंतर बरेच वाढवून मागितले. होड्या घेऊन समुद्रात उतरून त्यांनी काम अडवले. त्यांची मुख्य मागणी पैशांची नव्हती, वाटेची होती.

अखेर २०२२ च्या अखेरीस सरकार नमले. मधला एक खांब गाळून अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. आराखडा बदलला, वेळ गेला. जून २०२४ पूर्वीच मोठमोठ्या तुळया सेतूला जोडल्या गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये मार्ग पुरा खुला झाला. आमचे म्हणणे एवढेच : जो खांब २०२२ मध्ये गाळता आला, तो २०१८ च्या नकाशावरही गाळता आला असता. खोडरबराने जे काम एका सकाळी झाले असते त्याला चार वर्षे आणि दोन न्यायालये लागली. लोकांना विचारल्याने कामाला उशीर होतो, असे नेहमी सांगतात. वरळीचा अनुभव उलट सांगतो. विचारायला लागणारा वेळ वाचत नसतो. तो फक्त पुढे ढकलला जातो, आणि व्याजासकट परत येतो.

येथे आमच्या क्षेत्रातला एक दाखला देतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने मालकावर बंधन घातले होते की, कामगाराच्या नोकरीच्या शर्तींत बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी. पाळीची वेळ बदलायची तरी फलकावर कागद लागे. आम्ही तो कागद गेटसभेत मोठ्याने वाचत असू, कारण इंग्रजीत चिकटवलेली नोटीस ही कायद्याने नोटीस असली तरी माणसाला कळलेली गोष्ट नसते. वृत्तपत्रातल्या कोपऱ्यात हरकती मागवणे आणि बंदरावर येऊन भरती-ओहोटीच्या वेळा समजून घेणे यांत तोच फरक आहे. कारखान्यातली पाळी बदलण्यापूर्वी जेवढा शिष्टाचार पाळावा लागतो, तेवढा एखाद्या गावचा समुद्र बदलण्यापूर्वी पाळावा, ही मागणी अवाजवी आहे काय?

कोणी म्हणेल, आपल्याला नगरसेवक आहेत, त्यांना विचारा. परंतु येथे गेल्या काही वर्षांचा इतिहास पुढे ठेवला पाहिजे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. पावणेचार वर्षांहून अधिक काळ २२७ खुर्च्या रिकाम्या होत्या. १९८४-८५ मध्येही प्रशासक आला होता, पण इतका काळ नव्हे. कायद्याने मांडलेल्या तीन खुर्च्यांवर या काळात एकच व्यक्ती बसली. २०२५-२६ चे ७४ हजार कोटींहून अधिक रकमेचे अंदाजपत्रक आयुक्तांनी सादर केले आणि प्रशासक म्हणून त्यांनीच ते मंजूर केले. आम्ही कोणा व्यक्तीला दोष देत नाही. फिरोजशहांनीही दिला नव्हता. पण खांबांचा वाद मिटला तो काळ हाच होता, हे ध्यानात घ्या. तेव्हा कोळ्यांच्या वतीने सभागृहात प्रश्न विचारणारा कोणी उरला नव्हता.

आणि निवडणूक झाली म्हणजे सर्व झाले काय? नाही. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. त्या लोकांच्या जवळ जाव्यात हा हेतू. परंतु मुंबईतला एकेक विभाग म्हणजे एखाद्या शहराएवढा. खेड्याची गोष्ट पाहा. गडचिरोलीतले मेंढा-लेखा हे लहानसे गोंड गाव. तेथे ग्रामसभा बसते, एकमत होईपर्यंत बसते, आणि जंगलाविषयी ती जे ठरवते त्याला वजन आहे. वरळी कोळीवाडा हे मुंबईपेक्षा जुने गाव. पण शहरात गिळले गेल्याने त्याला ग्रामसभा नाही. पाच पिढ्या एका जागी राहिलेल्या माणसाला गावात राहिला असता तर जो हक्क मिळाला असता, तो शहराने त्याला वेढले म्हणून गेला! शहरांतही अशा सभा भरवता येतात. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून वस्तीवस्तीत सभा घेऊन पालिकेच्या खर्चाचा काही भाग लोकांकडून ठरवून घेतला. केरळने १९९६ पासून नियोजनाचा मोठा निधी स्थानिक सभांच्या हाती दिला. तेव्हा हे जमणार नाही, असे म्हणण्याचे दिवस गेले.

यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. शहर एका वस्तीचे नाही. कोळीवाड्याने अडवले, उद्या दुसऱ्या गल्लीने अडवले, तर कोट्यवधी माणसांच्या सोयीचे काय? आक्षेप खरा आहे. आम्ही कोणत्याही वस्तीला नकाराधिकार द्या असे म्हणत नाही. संघटनेतही करार बहुमताने होतो आणि एखाद्या खात्यातल्या कामगारांना तो कडू लागतो. पण त्या खात्यात जाऊन, हा तोटा तुम्हाला का सोसावा लागतो आणि त्याबद्दल काय मिळेल, हे सांगितल्याशिवाय सही करणारा पुढारी टिकत नाही, टिकू नये. सांगायला गेल्यावर बहुधा असे कळते की, तोटा टाळण्याचा एखादा मार्ग त्याच खात्यातल्या फिटरला ठाऊक होता. वरळीलाही मार्ग होता. तो १२० मीटरचा होता. त्याने रस्ता अडला नाही आणि होडीही अडली नाही.

नागरिकहो, या बंधाऱ्याच्या, चाळींच्या आणि खांबांच्या इतिहासात काम झालेच नाही असे एकदाही घडले नाही. मुंबईत कामे होतात. प्रश्न नेहमी तोच राहिला की, भोगणाऱ्याला कधी विचारले : आधी, की मागून? १७८४ मध्ये विचारण्याची सोयच नव्हती. १९२० मध्ये सोय होती, तिला वळसा घातला गेला. आपल्या काळात सोय आहे, कायदा आहे, २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. उणीव आहे ती वापरणाऱ्यांची. आपल्या विभाग कार्यालयात जा. आपल्या गल्लीत या वर्षी किती खर्च मांडला आहे, ते मराठीत लिहून मागा. प्रभाग समितीची सभा कधी असते ते विचारा आणि एकदा तरी जाऊन बसा. नगरसेवकाला वाढदिवसाच्या फलकाबद्दल नव्हे, स्थायी समितीत त्याने कोणत्या बाजूने मत दिले त्याबद्दल विचारा. एकट्याने गेलात तर अर्जदार ठराल, दहाजण गेलात तर नागरिक ठराल. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

क्लीव्हलंड बंदरातून आज होड्या बाहेर पडतात त्या त्या रुंद केलेल्या वाटेने. ती वाट कोणी दान दिलेली नाही. ती विचारून, भांडून आणि न थकता पुन्हा विचारून मिळवलेली आहे. कारभार चोख होतो तो असाच.